पिवळा दिवा लागतो, पण हीटर तापतो का?

हातातलं काम चालू राहू द्या. मेथी निवडत असाल तर निवडा, भाकरी थापत असाल तर थापा, फक्त कान इकडे असू द्या. या कार्यक्रमात आम्ही आजवर बँकेचं कर्ज, व्याजाचा हिशोब, पापडाच्या पाकिटावर काय छापावं, अशा गोष्टींवर बोललो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण गाडीच्या इंजिनातल्या हीटरबद्दल बोलणार आहोत. 'हे काय बायकांचं काम आहे का?' असं म्हणून रेडिओ बंद करू नका. गाडी गटाच्या नावावर, हप्ता गटाचा, माल आपला. मग बॉनेटखाली काय आहे ते आपल्यालाच कळायला नको का?

आमचा गट निफाड तालुक्यातला. आम्ही बारा जणी. आमच्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, ही आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रोजची बातमी असते. पारा फार खाली गेला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करून मुळांना पाणी देतात. माणसं, जनावरं, द्राक्षं, सगळ्यांच्या थंडीची काळजी आम्ही घेतो. गाडीच्या थंडीची मात्र घेतली नव्हती.

आम्ही कर्ज काढून एक जुनी डिझेल पिकअप घेतली. आठवड्यातून तीन दिवस पहाटे पाचला गाडी भरायची, मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, टोमॅटो घेऊन नाशिकला जायचं आणि सातच्या आत दोन-तीन वसाहतींच्या दारात उभं राहायचं. मधला माणूस नाही, त्यामुळे दोन पैसे जास्त मिळतात. गाडी चालवते आमच्याच गटातली एक सून. सगळ्यांत लहान, म्हणून आम्ही तिला धाकटी म्हणतो. तिनं लायसन्स काढलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका पहाटे गाडी चालूच होईना. धाकटीनं चावी मारली, इंजिन घरघरलं, मागून पांढरा धूर आला आणि बंद पडलं. परत मारली, परत तेच. सातव्या-आठव्या वेळेला बॅटरीच बसली. कोथिंबिरीच्या जुड्या गाडीत, आम्ही सगळ्या शाली गुंडाळून भोवती उभ्या आणि पारावरून एक आवाज आला, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं." त्या दिवशी माल गेला नाही. कोथिंबीर दुपारी गावातच निम्म्या भावात दिली. त्या आठवड्यात असं तीनदा झालं.

वाईट वाटायची गोष्ट पुढं आहे. पारावरचा माणूस बोलला ते बोलला, पण बैठकीत आम्हीही तेच बोललो. एक काकू म्हणाल्या, "ही चावी मारत बसते, म्हणून बॅटरी बसते. दुसरा ड्रायव्हर बघा." दोघी-तिघींनी मान डोलावली. आम्हीही गप्प राहिलो. धाकटी खाली मान घालून म्हणाली, "काकू, मी दिवाळीपासून सांगतेय. चावी फिरवली की पिवळा वेटोळ्याचा दिवा लागायला पाहिजे. तो लागत नाही."

आम्ही इतिवृत्ताचं रजिस्टर उघडलं. दिवाळीनंतरच्या पहिल्याच बैठकीच्या पानावर आमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'गाडीचा पिवळा दिवा दुरुस्त करणे.' लिहिलं होतं आणि पान उलटलं होतं. जिनं दुखणं वेळेवर सांगितलं, तिलाच आम्ही दोषी धरायला निघालो होतो.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या ठिकाणी एका गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. त्यानं धूर बघितला आणि बॉनेट न उघडताच सांगितलं, "रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल. पस्तीस हजार धरा." पस्तीस हजार म्हणजे आमच्या अंतर्गत कर्जाची जवळजवळ सगळी रक्कम. आम्ही रकमेची जुळवाजुळवही सुरू केली होती.

ते थांबलं एका फोनमुळे. गटातल्या एका मावशींची लेक कॅनडात विनिपेगला असते. तिथं हिवाळ्यात पारा उणे तीस अंशांपर्यंत जातो. मावशींनी फोनवर गाडीचं रडगाणं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, आमच्या गाडीला तर शेपूट आहे." तिथल्या गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेची एक पिन बाहेर लोंबत असते. रात्री गाडी लावली की ती पिन बाहेरच्या प्लगला जोडायची. आपण बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडतो ना, तसाच एक छोटा रॉड इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात बसवलेला असतो. त्याला तिकडे ब्लॉक हीटर म्हणतात. साधारण उणे पंधराच्या खाली पारा गेला की लोक तो लावतात. रात्रभर लावायची गरज नसते, निघायच्या आधी दोन-तीन तास पुरे होतात, म्हणून बरेच जण टायमर लावून ठेवतात.

अशा हीटरच्या सुरुवातीच्या एका प्रकाराचं पेटंट १९४९ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या अँड्र्यू फ्रीमन यांना मिळालं. हे गृहस्थ तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थेचं काम बघत. म्हणजे तेही आपल्यासारखे सहकारातलेच.

मावशींनी लेकीला फार चांगला प्रश्न विचारला. "अगं, पण तो रॉड तापतोय हे बाहेरून कळतं कसं?" लेक म्हणाली, "तेच तर कळत नाही. पिन जोडून निवांत झोपतो आणि सकाळी गाडी बर्फासारखी गार. म्हणून थंडी पडायच्या आधीच तपासायचं." तिची तपासणी अशी. आधी वायर बघायची, कारण बिचारी चाकाजवळच्या मिठात-चिखलात राहून पिनपाशीच जास्त खराब होते. प्लगमध्ये वीज आहे का ते दुसरं काही लावून बघायचं. मग पिन जोडून कान द्यायचा. पाणी तापायला लागलं की बऱ्याच गाड्यांत बारीक सूं सूं ऐकू येतं. तासाभरानं इंजिनाला हात जवळ नेऊन ऊब लागते का बघायची. आणि खात्रीच करायची तर पिन काढून तिच्या दोन पात्यांवर मीटर लावायचा. त्यांची वीज १२० व्होल्टची. ४०० वॉटचा हीटर असेल तर मीटरवर ३६ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. काहीच आकडा आला नाही, तर रॉड किंवा वायर आतून तुटली आहे.

फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या, "आपल्या गाडीला शेपूट नाही, पण हीटर असेल ना? मग तोही असाच तपासता येईल." गटातल्या एकीचे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना बोलावलं. मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दुपारी गाडी कशी चालू होते?" धाकटी म्हणाली, "एका चावीत." "चढाला ओढते का?" "ओढते." मामा म्हणाले, "मग इंजिन खोलायची घाई कशाला? आधी स्वस्त तपासणी, मग महाग." मैत्रिणींनो, हे वाक्य लिहून ठेवा. गाडीला लागू आहे, मोटारपंपालाही लागू आहे.

आता मामांनी काय शिकवलं ते सांगतो. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते आणि इंधन पेटतं. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते. आत आलेली हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, तसंच. पण पहाटे इंजिनाचं लोखंड गारठलेलं असतं. हवा तापते न तापते तोच लोखंड ती ऊब ओढून घेतं. शिवाय थंडीत ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोरही कमी होतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलीएवढा एक हीटर प्लग असतो. चावी अर्धी फिरवली की बॅटरीची वीज त्यात जाते आणि त्याचं टोक काही सेकंदांत शेगडीच्या कॉईलसारखं लाल होतं. तेवढा वेळ पिवळा वेटोळ्याचा दिवा लागतो. दिवा विझला की मग पूर्ण चावी मारायची.

आमच्या गाडीचा दिवा लागतच नव्हता. मामांनी बघितलं तर हीटरच्या कंट्रोलच्या डब्याला जाणारी जोडणी ओलीनं हिरवी पडून सैल झाली होती. ती साफ करून घट्ट बसवली. दिवा लागला! आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे? परत घरघर, परत पांढरा धूर. पाच-सहा वेळा चावी मारल्यावर गाडी चालू झाली खरी, पण मिनिटभर नुसती थडथडत होती.

इथंच खरा धडा आहे. पिवळा दिवा लागला म्हणजे हीटर तापला असं होत नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त एवढंच सांगतो की इतके सेकंद थांबा. प्लग जळलेले असले तरी तो आपला लागतो आणि विझतो. मुलगा शाळेत गेला हे हजेरीवरून कळतं, शिकला का ते वही बघितल्यावरच कळतं. दिवा ही हजेरी. आता वही कशी बघायची ते ऐका.

आधी तयारी. इंजिन गार असलं पाहिजे आणि गाडी मोकळ्यावर असली पाहिजे. हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढा, मंगळसूत्र आत घाला. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला तर तो क्षणात लाल होतो आणि हात भाजतो. पदर खोचा, वेणी बांधा. जवळ पंखा आहे हे विसरू नका. सामान फार नाही. १२ व्होल्टचा गाडीचा एक बल्ब, त्याला दोन वायरी, म्हणजे झाला टेस्ट लॅम्प. आणि जमलं तर एक साधा मीटर.

पहिली तपासणी, प्लगपर्यंत वीज येते का? प्लगच्या डोक्यांवरून धातूची एक पातळ पट्टी जाते. टेस्ट लॅम्पची एक वायर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला लावा, दुसरी त्या पट्टीला. मैत्रिणीला चावी अर्धी फिरवायला सांगा. बल्ब काही सेकंद झगझगीत लागला पाहिजे. नाही लागला तर फ्यूज, रिले किंवा वायरमध्ये दोष आहे. लागला तर वीज येते आहे, पुढं चला.

दुसरी तपासणी, प्रत्येक प्लग जिवंत आहे का? चावी बंद करून काढून घ्या. पट्टीचे नट सोडून पट्टी बाजूला करा. ही पायरी चुकवायची नाही. पट्टी तशीच ठेवली तर सगळे प्लग एकमेकांना जोडलेले राहतात आणि एक चांगला प्लग बाकीच्या जळक्यांनाही पास करतो. आता लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला तर आतली तार शाबूत. नाही लागला तर प्लग जळाला. आमच्या चार प्लगांत पहिल्याला लागला, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला लागला, चौथ्याला नाही. हे करताना लॅम्प धाकटीच्या हातात होता. चौथ्यापाशी ती थांबली आणि आमच्याकडे बघून हसली. कितीतरी दिवसांनी.

मीटर असेल तर तो ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या डोक्याला आणि दुसरं इंजिनाच्या लोखंडाला लावा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी दाखवतो. एक गंमत लक्षात ठेवा. स्वस्तातल्या मीटरवर तार तुटलेली असली की डाव्या कोपऱ्यात नुसता १ उभा राहतो. तो एक ओहम नव्हे. तो मीटर म्हणतोय, 'रस्ताच बंद आहे.' आम्ही पहिल्यांदा तिथंच फसलो होतो. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून तो किती दाखवतो ते बघा आणि तेवढा आकडा वजा करा. वजा करून अगदी शून्यच उरत असेल तर प्लग आतून शॉर्ट झालेला असू शकतो. त्याला लॅम्प लागेल, पण तो तापणार नाही.

एवढं आपण करायचं. प्लग बाहेर काढायचं काम मात्र मेकॅनिकलाच द्यायचं. जुना प्लग अडकून बसलेला असतो, जोर लावला तर तो आतच तुटतो आणि मग खरंच इंजिन खोलायची वेळ येते. आणखी एक. नव्या गाड्यांतले काही प्लग १२ व्होल्टपेक्षा कमी विजेवर चालतात. त्यांना बॅटरीची वायर थेट लावून बघू नका. तिथं नुसता मीटर वापरा आणि कंपनीचं पुस्तक बघा.

मामांनी बॅटरीची टोकंही बघितली. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. आधी मायनसची, मग प्लसची वायर सोडली. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्यानं टोकं धुतली, कोरडी केली, वायरी बसवल्या, वर थोडं ग्रीस लावलं. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही एवढं सांभाळलं. परत बसवताना उलटं, आधी प्लस, मग मायनस.

आम्ही चारही प्लग बदलून घेतले. दोन जळाले म्हणजे उरलेल्या दोघांचंही वय तेवढंच. प्लग, नवी जोडणी आणि मजुरी मिळून खर्च आला २,६०० रुपये. कुठं पस्तीस हजार! पुढच्या पहाटे धाकटीनं चावी अर्धी फिरवली, दिवा लागला, विझला, तिनं पूर्ण चावी मारली आणि गाडी एका दमात चालू झाली. पारावर तेव्हा कुणी नव्हतं. असायला हवं होतं.

काही गोष्टी करू नका, हेही सांगतो. गाडी चालू होत नाही म्हणून हवेच्या फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरतात. इंजिनाखाली टेंभा पेटवतात. आमच्या गावात दोन्ही बघितलंय. आत लाल झालेला हीटर प्लग असताना पेट्रोलची वाफ गेली तर भडका उडू शकतो, आणि डिझेलच्या नळीखाली जाळ म्हणजे गाडीसकट माणूस गेलं. चावी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त धरायची नाही. नाही चालू झाली तर मिनिटभर थांबायचं, परत हीटर तापवायचा, मग मारायची. बंद शेडमध्ये गाडी चालू करून उभं राहायचं नाही, तो धूर जीवघेणा असतो.

एक काकू विचारत होत्या, "आपणही गाडीला कॅनडासारखं शेपूट लावावं का?" गरज नाही. आपली थंडी तेवढी नाही. आपल्याच देशात लडाखला मात्र इतकी थंडी पडते की साधं डिझेलच टाकीत गोठायला लागतं. म्हणून तिथल्यासाठी २०१९ पासून उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं खास डिझेल आलं. आपल्याला चार चांगले प्लग, स्वच्छ टोकांची बॅटरी आणि वेळेवर बदललेलं ऑइल पुरतं.

आमच्या गटानं आता एक ठराव केला आहे. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतो, लिंबू-मिरची बांधतो. त्याच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडायचं आणि या सगळ्या तपासण्या करायच्या. दोघींनी करायच्या आणि दर वर्षी एक नवी बाई शिकायला घ्यायची. दसऱ्यानंतर थंडी यायला वेळ असतो, तेवढ्यात दुरुस्ती होते. दुसरा ठराव असा की, जी गाडी चालवते तिनं सांगितलेली तक्रार त्याच बैठकीत एकीच्या नावावर टाकायची आणि पुढच्या बैठकीत ती पहिल्यांदा वाचायची. नुसती लिहून पान उलटायचं नाही.

आणि एक गोष्ट रजिस्टरमध्ये लिहिली नाही, पण झाली. त्या काकू स्वतः उठून धाकटीच्या घरी गेल्या. सोबत बाजरीची गरम भाकरी आणि ठेचा घेऊन. दारातच म्हणाल्या, "चुकलं गं माझं." धाकटी म्हणाली, "काकू, आत तर या, बाहेर थंडी आहे." आम्हीही तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर, बैठकीत. कारण चूक बैठकीत झाली होती.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाकडे गाडी असेल, घरी डिझेल जीप किंवा पिकअप असेल, तर या आठवड्यात एवढंच करा. पहाटे चावी अर्धी फिरवा आणि दिवा बघा. आणि गाडी चालवणारीला विचारा, 'काय गं, काही वेगळं वाटतंय का?' ती सांगेल ते नीट ऐका.

आज इथंच थांबतो. नमस्कार.